मागच्या पानावरच्या शंका

पिंपळखुटे सरांच्या वर्गात हजेरीला 'यस सर' चालत नसे. नाव पुकारलं की उभं राहायचं आणि एक शंका विचारायची. शंका कसलीही चालायची. भेडाघाटचा दगड पांढरा का, इथपासून ते कँटीनवाल्यानं कालपासून चहा पातळ का केला, इथपर्यंत. शंका पटली तर सर हजेरीपटावर टिंब देत. नाही पटली तर "बसा, आज तुम्ही आलेल्या नाहीत" म्हणत आणि खरोखरच गैरहजेरी मांडत. पहिल्या बाकावर, दोन वेण्या घालून, सरांच्या नाकासमोर बसलेली असताना माझी गैरहजेरी लागलेली आहे, आणि तीही एकदा नव्हे.

आमचा वर्गच तसा होता. विद्यापीठानं तो प्रयोग म्हणून सुरू केलेला. कागदोपत्री नाव 'ऑनर्सचा संयुक्त अभ्यासक्रम', पण बाकीचं कॉलेज त्याला खिचडी वर्ग म्हणायचं. आर्ट्स आणि सायन्स दोन्हीकडून निवडून आठ जण घेतले होते. इतिहास, पदार्थविज्ञान, अर्थशास्त्र असे वेगळे पेपर आम्हाला नव्हतेच. पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचं नाव होतं 'पाणी' आणि दुसऱ्या वर्षाचं 'वेळ'. पाणी म्हणजे सकाळी प्रयोगशाळेत नर्मदेच्या पाण्यातले क्षार मोजायचे, दुपारी गोंड राजांनी खणलेल्या तलावांचा इतिहास वाचायचा आणि संध्याकाळी सार्वजनिक नळावर भांडण कोणत्या शब्दापासून पेटतं ते वहीत टिपायचं. त्या त्या विषयाचे प्राध्यापक येऊन शिकवून जात, पण वर्ग सरांचा. ते स्वतः मूळ कोणत्या विषयाचे, हे मात्र कोणालाच खात्रीनं सांगता येत नव्हतं. त्यांच्याबद्दलचा माझा पहिला संशय तिथून सुरू झाला.

मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. त्यात माझा दोष निम्माच. रांझीत, लष्करी सामानाच्या फॅक्टरीच्या क्वार्टरांत वाढलेली पोर दुसरी कशी होणार? आमचे बाबा त्या फॅक्टरीत होते. ते तिथे काय बनवतात हे लग्नाला वीस वर्षं होऊनही आईला माहीत नव्हतं. कोणी विचारलंच तर ती "सेक्शनमध्ये असतात" एवढं सांगून मोकळी व्हायची. आतलं बाहेर न्यायचं नाही, हा बाबांचा धर्म. सुटताना गेटवर झडती व्हायची आणि जेवणाचा डबाही उघडून दाखवावा लागायचा. ती सवय त्यांच्या हाताला इतकी लागली होती, की घरी आल्यावर ते डब्याचे तिन्ही पुडे सुटे करून आईसमोर धरत आणि मगच खाली ठेवत. आई पोळ्या लाटता लाटता म्हणायची, "ठीक आहे, जा आत."

अशा घरात सर पहिल्यांदा आले ते सायकलवरून, उन्हानं लालबुंद होऊन. माझं नाव त्यांनी खिचडी वर्गासाठी निवडलं होतं आणि बाबा सही करत नव्हते. बाबांना मी साधं बी.ए. करून पुढे बी.टी. करावं आणि मास्तरीण व्हावं असं वाटत होतं. मला तो वर्ग हवा होता. का, ते सांगता आलं नसतं. रांझीत मला कोणी कधी काही विचारू दिलं नव्हतं, आणि हा माणूस म्हणे विचारलं नाही तर गैरहजेरी मांडतो, एवढंच माझ्या कानावर आलं होतं.

आईनं सरांना भिंतीलगतची खुर्ची दिली. ते बसले, क्षणभर इकडे तिकडे पाहिलं, आणि उठून खुर्ची उचलून बाबांच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. तिथून खिडकी समोर येत होती आणि खिडकीतून फॅक्टरीची चिमणी दिसत होती. बाबांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी विचारलं, ह्या शिक्षणानं नोकरी कोणती लागते. सर म्हणाले, ते मलाही नक्की सांगता यायचं नाही.

"मग पोरीला काहून गुंतवून राहिले तुम्ही?"

"शंका चांगली आहे," सर म्हणाले. "हिलाही अशाच शंका येतात. पण ही त्या पोटात ठेवते. तेवढी एक खोड काढायची आहे."

बाबा ह्यावर विरघळलेही असते, पण तेवढ्यात दुपारचा भोंगा झाला आणि सरांनी डोळे मिटून तो शेवटपर्यंत ऐकला. मग विचारलं, हा रोज एवढाच वेळ वाजतो का हो? बाबांनी सहीचा कागद घडी घालून बाजूला ठेवला. सायकल दिसेनाशी झाल्यावर ते आईला म्हणाले, "खुर्ची उचलून खिडकीकडं तोंड करून बसला. काय पाहून राहिला होता तो?"

शेवटी माझ्या रडण्याला कंटाळून त्यांनी सही केली, पण एक अट घातली. दर रविवारी माझी वही त्यांना दाखवायची. आई म्हणाली, आता घरातही गेट बसलं म्हणायचं. बाबा वही नेहमी मागून उघडत. गेटवरचा शिपाई डब्याचा खालचा पुडा आधी बघतो, तसं. पुढचं काय, कोणीही नीट लिहितं, असं त्यांचं म्हणणं.

सरांकडे शनिवारी वही, बाबांकडे रविवारी. सर पुढून तपासत आणि लाल पेन्सिलीनं शेरे मारत. ज्या भाषेत शंका येते त्याच भाषेत लिहा, असा त्यांचा नियम असल्यामुळे माझी वही मराठीत होती, बाकीच्यांची हिंदीत. त्यांचे शेरेही त्यांच्यासारखेच. 'हे तुला कोणी सांगितलं?' हा शेरा पानापानावर असायचा. एकदा मी सहा पानं भरून तलावांचा इतिहास लिहिला तर खाली एकच ओळ होती, 'अच्छा. आता ह्यातलं तुझं किती?' मी चिडून वही आपटली होती. दुसऱ्या दिवशी तलावाकाठच्या धोब्याला जाऊन विचारलं, आणि त्यानं सांगितलेलं कोणत्याच पुस्तकात नव्हतं. सरांना मी ते कधी बोलून दाखवलं नाही, पण त्या वर्षी मी जितकी खूश होते तितकी नंतर क्वचितच झाले.

दुसऱ्या वर्षी 'वेळ' सुरू झाला आणि सरांनी फॅक्टरीच्या भोंग्याचा विषय काढला. म्हणाले, छापील नकाशात शहर डोळ्यांनी दिसतं, आपण ते कानांनी काढू. आठ जण शहराच्या आठ भागांत राहत होतो. रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळं जुळवायची आणि सकाळचा भोंगा आपापल्या दारात कोणत्या सेकंदाला ऐकू येतो ते रोज लिहायचं. आवाज किती वेगानं जातो हे माहीत असल्यावर अंतर आपोआप निघतं. माझं घर गेटाजवळ, म्हणून माझी वेळ ती शून्य. ओमतीच्या कुसुम तिवारीकडे वारा बरा असला तर तो वीसेक सेकंदांनी पोचायचा. शिवाय भोंगा झाल्यावर घरात कोण काय करतं तेही लिहायचं. आमच्याकडे बाबा तेव्हा गेटाच्या आत असत आणि आई दुसऱ्यांदा चहा टाकायची. कुसुमचे काका कूस बदलून पुन्हा झोपायचे. एकाच आवाजानं कोणाचा दिवस सुरू होतो आणि कोणाची झोप लांबते, ह्यावर सर तासभर बोलले होते. मग भिंतीभर कागद लावून त्यावर आठ ठिपके दिले, माझा सोडून बाकी सातांभोवती वर्तुळं काढली. सगळी वर्तुळं जिथं एकमेकांना छेदत होती तिथं आमची फॅक्टरी होती.

आणि सप्टेंबरात लढाई लागली.

शहर आठ दिवसांत बदललं. मोटारींचे दिवे अर्धे काळे झाले, खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या आल्या, कॉलेजच्या मैदानात खंदक खणले. रिछाईच्या रस्त्यावर नवा माणूस दिसला की पोरं त्याच्या मागे लागत. ओमतीत लोकांनी एका कबुतरवाल्याला धरून ठाण्यात नेलं, तो चिठ्ठ्या पाठवतो म्हणून. संध्याकाळी त्याला सोडलं, पण कबुतरं तोवर कोणीतरी उडवून लावली होती. बाबा डबल शिफ्ट करत होते. घरी येत, पुडे दाखवत आणि झोपत. आणि आमच्या वर्गाच्या भिंतीवर तो नकाशा तसाच होता. लढाई लागली म्हणून तो उतरवावा, हे सरांच्या ध्यानीमनी नव्हतं. बाहेर वाऱ्याची दिशा बदलली आहे का, हे बघा, एवढंच ते सांगत होते.

मी बघत होते, पण सरांकडे. सर बोलायला जात तेव्हा माणसाच्या ठरावीक बाजूला जाऊन उभे राहत. ते ओमतीहून विद्यापीठाकडे चालत येताना ओठ हलवत पावलं मोजतात, हे मी दोनदा पाहिलं होतं. त्यांना परदेशी तिकिटांची जाड पाकिटं येत. त्यांची मराठी ना नागपूरची, ना पुण्याची. हिंदी बोलायला लागले की तीही कुठली ते कळायचं नाही. एकेक गोष्ट वेगळी काहीच नव्हती. सगळ्या एकत्र ठेवल्या की मला तो कबुतरवाला आठवायचा.

सरांनीच शिकवलं होतं, शंका आली की लिहून काढा. मी वही उलटी केली आणि मागच्या पानावर, सर जिकडून कधी उघडत नसत तिकडून, एकाखाली एक पाच शंका लिहिल्या. कुसुमला दाखवल्या तर ती बराच वेळ वाचत राहिली. तिला मराठी अडखळत का होईना वाचता यायचं.

"पूछ क्यों नहीं लेती सर से?" ती म्हणाली. "रोज़ हाज़िरी में तो पूछते ही हैं सब।"

मी म्हटलं, असं कोणी तोंडावर विचारतं का. पुढे रविवार आला. मागचं पान फाडून टाकायला मला शनिवारची अख्खी रात्र मिळाली होती. बाबा वही मागूनच उघडतात हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते पान बाबांच्या हाती पडावं अशी माझी इच्छा होती की नाही, ह्यावर मी आयुष्यभर स्वतःशी वाद घातला आहे. इच्छा होती. माझ्या तोंडून न बोलता कोणीतरी ते विचारून टाकावं, असं मला वाटत होतं.

बाबांनी पान वाचलं, मग वही पुढून उघडून सेकंदांचे आकडे बघितले. दुसऱ्या दिवशी वही डब्याच्या पिशवीत घालून ते कामावर गेले.

मंगळवारी सर वर्गावर नव्हते. भिंतीवरचा कागद गेला होता, चार कोपऱ्यांत खिळे तेवढे राहिले होते. दोन अपरिचित माणसांनी बाकीच्या सातांच्या वह्या गोळा केल्या. माझी आधीच गेली आहे हे कुसुम सोडून कोणाला ठाऊक नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि स्वतःची वही त्यांच्या हाती दिली. घरी बाबांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले, आतलं बाहेर सांगायचं नसतं.

शुक्रवारी सर आले. दाढी केलेली, कपडे इस्त्रीचे, काखेत तोच हजेरीपट. जणू काही झालंच नव्हतं अशा आवाजात त्यांनी नावं पुकारायला सुरुवात केली. मुलं भेदरलेली, तरी ज्यानं त्यानं काहीबाही विचारलं. कोणी खंदकातल्या डासांबद्दल, कोणी साखरेच्या रांगेबद्दल. मग माझं नाव आलं.

"सुमन ढोमणे."

मी उभी राहिले. सरांनी हजेरीपटावरून मान वर केली आणि एरवी कधी थांबत नसत इतका वेळ थांबले.

"यस सर," मी म्हणाले.

सरांनी मान खाली घातली, माझ्या नावापुढे टिंब दिलं आणि पुढचं नाव पुकारलं. खिचडी वर्गाच्या उभ्या इतिहासात 'यस सर'वर मिळालेली ती एकुलती एक हजेरी.

पुढच्या आठवड्यात वर्ग बंद झाल्याची नोटीस लागली. आम्हाला आपापल्या जुन्या वर्गांत पाठवण्यात आलं. सरांवर कसलाही ठपका नव्हता, असं म्हणत. पण ठपका नसलेल्या माणसाकडेही लोक बघतातच. दसऱ्याच्या सुमारास त्यांनी राजीनामा दिला आणि ते शहर सोडून निघाले. स्टेशनवर सहा जण पोचवायला गेले होते. मी गेले नाही. कुसुमनं नंतर सांगितलं, गाडी हलेपर्यंत सर फलाटाच्या दारावर लक्ष ठेवून होते, आणि "ढोमणे नाही आली?" असं एकदाच विचारलं. मला तेव्हा वाटलं, खात्री करून घेत असतील, कोणी चुगली केली त्याची.

उन्हाळा लागल्यावर एक दिवस बाबा घरी आले, तिन्ही पुडे आईसमोर धरले आणि मग पिशवीतून माझी वही काढून माझ्यापुढे ठेवली. आज सुटली, म्हणाले. सही करून आणली. कितीतरी वेळ पायातले बूटही न काढता ते तसेच उभे होते. मग आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांनी आतलं बाहेर सांगितलं.

फॅक्टरीच्या साहेबांना मराठी येत नव्हतं. म्हणून चौकशीच्या खोलीत बाबांनाच बोलावलं होतं, माझ्या पाच शंका एकेक करून मोठ्यानं वाचून हिंदीत सांगायला. समोर सर. बाबा वाचायला लागले तशी सरांनी साहेबांची परवानगी घेऊन खुर्ची उचलली आणि बाबांच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली. बाबा म्हणाले, "त्या बाजूला खिडकी नव्हती, सुमन. नुसती भिंत होती. तेव्हा माझ्या ध्यानात आलं." सगळं ऐकून झाल्यावर सरांनी साहेबांकडे वही मागितली आणि टेबलावरची लाल पेन्सिल मागितली. निघताना बाबांना म्हणाले, मुलगी हुशार आहे तुमची, पण हे तिनं तुम्हाला सांगितलं, मला नाही, तिथं मार्क कापावे लागले.

"बाबा, हे तेव्हा काहून नाही सांगितलं तुम्ही?" मी विचारलं.

"साहेबांनी सांगितलं होतं, यह बात बाहर नहीं जाएगी," बाबा म्हणाले. "नाही जाऊ दिली." आणि ते आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मी त्यांना दोष कोणत्या तोंडानं देणार होते? त्यांनी जे केलं ते त्यांचं इमान होतं. माझं काय होतं?

मी वही मागून उघडली. पानाच्या डोक्यावर सरांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'साहेब म्हणतात वही परवा मिळेल. शुक्रवारच्या हजेरीआधी वाचून ये.'

पहिली शंका, परदेशी पाकिटांची. शेरा, 'येतात. असे वर्ग इतरत्र कसे चालवतात ते मी पत्रांनी विचारतो. तिकिटं हवी असतील तर माग.'

दुसरी, पावलं मोजण्याची. 'खरं आहे. छापील नकाशावर माझा विश्वास नाही. निरीक्षण उत्तम.'

तिसरी, एवढे आवाज असताना अभ्यासाला फॅक्टरीचाच भोंगा का, देवळाची घंटा का नाही. त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. 'सगळ्यांत चांगली शंका. लढाई लागली त्याच दिवशी वर्गात विचारायला हवी होतीस. मी नकाशा त्याच तासाला उतरवला असता. ही माझी चूक.'

चौथी, खुर्ची आणि खिडकीची. 'माझ्या डाव्या कानाला ऐकू येत नाही. म्हणून तर तुम्हा आठ जणांचे कान घेतले.'

मी तिथं थांबले. शुक्रवारची हजेरी माझ्या डोळ्यांपुढे आली. सर मान वर करून वाट पाहत थांबले होते, ते मी हे पान वाचलं आहे असं समजून. हे सगळं वाचूनही ही पोरगी 'यस सर' म्हणते, असं समजून त्यांनी टिंब दिलं. फलाटाच्या दारावर लक्ष ठेवून होते तेही तेच समजून.

पुढे मी मास्तरीण झाले, बाबांच्या मनासारखी. अडतीस वर्षं मुलींच्या कॉलेजात शिकवलं. सरांच्या पद्धतीनं हजेरी घ्यावी असं कितीदा मनात आलं, पण मला ते शोभलं नसतं. मुली 'यस मॅडम' म्हणत आल्या आणि मी टिंबं देत आले.

पाचवी शंका अशी होती: 'सर मूळचे कुठले, कोणालाच माहीत नाही.' तिच्यापुढचा शेरा मला पाठ आहे. 'हे इथं बसून लिहिण्यासारखं नाही. थोडं लांबचं आहे. रविवारी घरी ये, चहा घेऊ, आणि विचार.'

वही हातात आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सायकल काढून त्यांच्या खोलीवर गेले होते. तिथं नवं बिऱ्हाड आलं होतं, दारात कोणाची तरी दुपटी वाळत होती. घरमालकाला सरांचा पत्ता माहीत नव्हता. विद्यापीठात विचारलं, कुसुमला विचारलं, पुढे वर्षानुवर्षं जो भेटेल त्याला विचारलं. पिंपळखुटे सर मूळचे कुठले, ते मला अजून माहीत नाही.